पैसे भरून निवडलेली सीट कंपनीने बदलली तर काय करायचं

तिकिटावर १४ सी, आणि विमानतळावर हातात पडलेल्या बोर्डिंग पासवर २८ ई. काउंटरवर विचारलं की उत्तर येतं, "विमान बदललंय." पुष्कळदा ते खरंही असतं. पण तेवढं ऐकून मागे फिरलात तर दोन गोष्टी हातच्या जातात: बरी सीट मिळण्याची संधी आणि सीटसाठी भरलेले पैसे. कधी, कोणाकडे आणि नेमकं काय मागायचं हे माहीत असेल तर बरेचदा निदान एक तरी पदरात पडतं.

आधी आपली बाजू किती भक्कम आहे ते समजून घ्या. जवळपास प्रत्येक विमान कंपनीच्या प्रवासाच्या अटींत लिहिलेलं असतं की सीट नंबरची हमी नाही, आणि सुरक्षिततेसाठी किंवा कामकाजाच्या गरजेसाठी तो कधीही, अगदी प्रवासी विमानात बसल्यावरही, बदलता येतो. त्यामुळे "१४ सी माझीच आहे" हा वाद जिंकणं कठीण. "पुढच्या भागातल्या आइल (मधल्या वाटेलगतच्या) सीटचे पैसे घेतलेत, तेव्हा तशीच दुसरी द्या, नाहीतर पैसे परत करा" ही मागणी मात्र टिकते. फोनवर, काउंटरवर आणि ईमेलमध्ये हाच सूर ठेवा.

सीट सुटते ती कशामुळे

सगळ्यात मोठं कारण विमान बदलणं. तुमची सीट बुकिंगमध्ये नोंदलेली असते ती त्या दिवशी त्या फ्लाइटला लावलेल्या विमानाच्या सीट-नकाशावर. कंपनीने दुसऱ्या प्रकारचं विमान लावलं की जुना नकाशा काढून नवा बसवला जातो आणि सॉफ्टवेअर सगळ्या प्रवाशांना त्यावर पुन्हा बसवतं. बहुतेक यंत्रणा आधी तोच नंबर किंवा तशाच प्रकारची सीट शोधतात, ती नसेल तर जिथे जागा असेल तिथे टाकतात. सीट रिकामी सोडून "विमानतळावर मिळेल" असंही काही वेळा होतं.

इथे एक बारीक फसगत आहे. नंबर तोच राहिला म्हणजे सीट तीच राहिली असं नाही. एअरबस ए३२० मध्ये रांगेत तीन अधिक तीन सीट असतात: ए आणि एफ खिडकीला, सी आणि डी आइलला. त्याच फ्लाइटला रांगेत तीन-चार-तीन सीटचं बोइंग ७७७ लावलं, तर डी, ई, एफ, जी या मधल्या चार सीट होतात आणि तुमची खिडकीची एफ दोन माणसांच्या मधोमध जाते. उजवीकडची खिडकी आता के असते. (आय हे अक्षर बहुतेक कंपन्या वापरतच नाहीत, कारण ते एक या आकड्यासारखं दिसतं.) रांगांचंही तसंच. एका विमानात १४ वी रांग साधी असेल, तर दुसऱ्यात ती एमर्जन्सी एक्झिटच्या लगेच पुढची असू शकते आणि अशा रांगेच्या पाठी सहसा मागे झुकत नाहीत. बोइंग ७३७ च्या बऱ्याच विमानांत डाव्या बाजूला एका ठिकाणी एसीची नळी भिंतीतून वर जाते. तिथे "खिडकीची" सीट असते, खिडकी नसते. म्हणून विमान बदलल्याचं कळलं की नंबर तोच दिसला तरी नवा नकाशा उघडून बघाच.

दुसरं मोठं कारण तिकीट पुन्हा काढलं जाणं. वेळापत्रक बदललं, तारीख पुढे ढकलली, नाव दुरुस्त केलं, एका पीएनआरमधल्या चौघांपैकी एकाचं तिकीट वेगळं केलं, यातल्या कशानेही सीटची नोंद गळून पडू शकते. तिकीट नवं होतं, पण सीटच्या पैशाची पावती जुन्या तिकिटालाच चिकटून राहते. असा कोणताही बदल केल्यावर त्याच फोनवर विचारून घ्या, "सीटची नोंद आणि तिचं पेमेंट नव्या तिकिटाला जोडलंय ना?"

बाकीची कारणं झटपट. सीट मोडलेली असते किंवा तिचा पट्टा लागत नसतो, तेव्हा ती बंद करावीच लागते. लांबच्या उड्डाणांत काही विमानांत क्रूच्या विश्रांतीसाठी प्रवाशांच्या सीट राखल्या जातात. लहान विमानांत वजनाचा तोल साधायला लोकांना पुढे-मागे हलवतात. तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही. चालण्यास त्रास असलेल्या प्रवाशाला किंवा मार्गदर्शक कुत्र्यासोबतच्या प्रवाशाला विशिष्ट जागा लागते, लहान मुलांना पालकांशेजारी बसवायचं असतं.

आणि एक कारण बहुतेकांना माहीतच नसतं: तान्ह्या बाळाचं. तीन सीटच्या गटावर साधारणपणे ऑक्सिजनचे चार मास्क असतात, तीन प्रवाशांसाठी तीन आणि एक जादा. त्यामुळे मांडीवर बाळ घेतलेली दोन माणसं त्या गटात बसवता येत नाहीत. दोघांनी वेगवेगळ्या बुकिंगमधून तिथेच सीट घेतल्या असतील, तर एकाला हलावंच लागतं.

तिकीट काढतानाच घ्यायची काळजी

एकत्र बसायचं असेल तर सगळे एकाच पीएनआरमध्ये असू द्या. दोन वेगळ्या पीएनआरमधली माणसं यंत्रणेच्या लेखी अनोळखी असतात. फोन करून दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून घेता येतात, पण स्वयंचलित फेरबदलात तो शेरा पाळला जाईलच असं नाही.

कोडशेअर फ्लाइट असेल, म्हणजे तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं, तर सीटचा ताबा विमान चालवणाऱ्या कंपनीकडे असतो. तिच्या यंत्रणेत तुमचा पीएनआर बहुधा वेगळा असतो. तिकीट देणाऱ्या कंपनीकडून किंवा एजंटकडून तो सहा अक्षरी नंबर मागून घ्या आणि सीट पक्की झाल्याचं त्या दुसऱ्या कंपनीच्या साइटवर बघा. एजंटच्या पडद्यावर सीटपुढे एचके असेल तर ती पक्की आहे. एचएन म्हणजे मागणी गेलीय, उत्तर यायचंय. यूएन किंवा यूसी म्हणजे मिळालेली नाही. "सीट टाकली आहे" एवढ्यावर विसंबू नका, कोड कोणता आहे ते विचारा.

एमर्जन्सी एक्झिटची रांग विकत घेताना तिच्या अटी आधी वाचा. किमान वय असतं (अमेरिकेच्या नियमात १५ वर्षं, काही कंपन्यांकडे त्याहून जास्त), दार उघडण्याइतकी ताकद लागते, क्रूच्या सूचना समजायला हव्यात, मांडीवर बाळ चालत नाही आणि पट्ट्याचं एक्स्टेंशन लागणाऱ्याला तिथे बसवत नाहीत. पाय मोकळे राहावेत म्हणून वृद्ध आईवडिलांसाठी ही रांग घेणारे खूप आहेत. त्यांना ऐनवेळी उठवलं जातं, आणि अट आधी लिहिलेली असल्यामुळे बऱ्याच कंपन्या पैसेही परत करत नाहीत. त्यांच्यासाठी केबिनच्या पुढच्या भिंतीलगतची पहिली रांग किंवा जादा पाय-जागेची साधी रांग जास्त भरवशाची.

पैसे भरले की तीन गोष्टी जपून ठेवा: सीट नंबर दाखवणारा स्क्रीनशॉट, विमानाचा प्रकार दाखवणारा स्क्रीनशॉट आणि सीटची स्वतंत्र पावती. बऱ्याच कंपन्यांच्या पावतीवर १३ आकडी ईएमडी (जादा सेवेच्या इलेक्ट्रॉनिक पावतीचा) नंबर असतो, पहिले तीन आकडे कंपनीचे. तो तिकीट नंबरापेक्षा वेगळा असतो आणि परतावा मागताना हाच नंबर काम सोपं करतो. एजंटमार्फत बुकिंग असेल तर कंपनीच्या साइटवर जाऊन स्वतःचा मोबाइल आणि ईमेल घाला. नाहीतर बदलाची सूचना एजंटकडे जाते आणि तिथेच राहते.

उड्डाणापर्यंत लक्ष ठेवणं

सीट बदलल्याचा ईमेल येतोच असं नाही. वेळ बदलली तर कळवतात, पण वेळ तीच राहून फक्त विमान बदललं तर कित्येकदा कोणी काही सांगत नाही. म्हणून स्वतः बघायला हवं. दोन-तीन महिने अवकाश असेल तर दोन आठवड्यांतून एकदा बुकिंग उघडा. नंतर सात दिवस आधी, तीन दिवस आधी, आणि चेक-इन उघडण्याच्या तासभर आधी. या शेवटच्या वेळेला विशेष महत्त्व आहे. चेक-इन उघडलं की ज्यांनी पैसे भरलेले नसतात त्यांनाही सीट वाटल्या जातात आणि मोकळ्या जागा भराभर संपतात. चेक-इन साधारण २४ ते ४८ तास आधी उघडतं; आपल्या कंपनीचं कधी ते पाहून गजर लावून ठेवा.

बघताना सीट नंबरासोबत विमानाचा प्रकारही ताडून पाहा. सीट अजून जुनीच दिसत असली आणि विमान मात्र बदललेलं असलं, तर हलवाहलव अजून व्हायचीय असं समजा आणि त्याच दिवशी फोन करा.

वेळापत्रक बदलल्याच्या ईमेलमध्ये "मान्य आहे" असं बटण असतं. ते दाबण्याआधी नव्या फ्लाइटवर सीट कोणती मिळाली ते बघा. मान्य करण्याआधी फोन केला तर दुसरी फ्लाइट, दुसरी सीट, कधी कधी पूर्ण रिफंड, असे पर्याय खुले असतात. एकदा होकार दिला की ते आखडतात.

बदल दिसला की लगेच

पहिलं काम फोन करण्याचं नाही. आधी सीट-नकाशा उघडा आणि मोकळ्या सीटमधून स्वतःला चालतील अशा तीन निवडा, पसंतीच्या क्रमाने. साइटवरूनच फुकट बदलता येत असेल तर सरळ बदलून टाका. मोकळी जागा तुमच्यासाठी थांबून राहणार नाही. एक सावधगिरी मात्र घ्या: साइट नव्या सीटचे पुन्हा पैसे मागत असेल तर भरू नका. जुने पैसे त्या नोंदीत अडकलेले असतात आणि दोनदा भरलेले सोडवून घेणं फार किचकट होतं.

मग फोन. तक्रारीपासून सुरुवात केली तर समोरचा माणूस माफी मागतो आणि बोलणं तिथेच संपतं. त्याच्या हाताला काम द्या:

"नमस्कार. माझा पीएनआर हा हा आहे. १४ सी साठी पैसे भरले होते, विमान बदलल्यावर २८ ई दिसतंय. नव्या नकाशावर १२ सी मोकळी आहे. जादा पैसे न घेता ती मला देऊ शकाल का? ती नसेल तर १५ डी किंवा १६ सी चालेल."

नेमका नंबर सांगितला की काम एका मिनिटात होतं. "पुढची एखादी चांगली द्या" म्हटलं तर समोरच्याला अंदाज करावा लागतो. "ती सीट विमानतळाच्या ताब्यात आहे" असं उत्तर आलं तर तेही बहुधा खरं असतं: पुढच्या काही रांगा, एक्झिटच्या जागा आणि भिंतीलगतच्या सीट कंपनी शेवटपर्यंत राखून ठेवते. अशा वेळी बुकिंगमध्ये शेरा लिहायला सांगा की प्रवाशाने आइल सीटचे पैसे भरले होते आणि ती कंपनीने बदलली. फोन ठेवण्याआधी बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ टिपून घ्या. नवी सीट मिळाली असेल तर ईमेलवर पुष्टी मागा आणि दहा मिनिटांनी साइटवर ती खरोखर दिसतेय का ते तपासा.

एजंटमार्फत तिकीट असेल तर कंपनी कधी कधी "एजंटलाच सांगा" म्हणते. तिकिटाच्या बाबतीत ते खरं असू शकतं, पण सीट हलवणं बहुतेक वेळा कंपनीला थेट जमतं. "तिकीट बदलायचं नाही, फक्त सीट नंबर हवाय" हे वाक्य इथे उपयोगी पडतं.

मुलं सोबत असतील तर

इथे शेरा आणि विनवणी यांच्या पलीकडे जाता येतं, कारण काही देशांत नियमच आहेत. कॅनडात ५ वर्षांखालच्या मुलाला पालकाच्या लगतची सीट द्यावी लागते. ५ ते ११ वर्षांच्या मुलाला त्याच रांगेत, मध्ये फार तर एक सीट सोडून. १२ आणि १३ वर्षांच्या मुलांना फार तर एका रांगेच्या अंतरावर. आणि हे सगळं जादा पैसे न घेता. भारतात डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेने, एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या किमान एका पालकाशेजारी सीट द्या. इथेही एकाच पीएनआरचं महत्त्व दिसतं.

मूल वेगळ्या रांगेत पडलेलं दिसलं तर फोनवर मुलाचं वय पहिल्याच वाक्यात सांगा. विमानात चढल्यावर इतरांना विनवत फिरण्यापेक्षा गेटवर हे सोडवणं कितीतरी बरं. गेटवरच्या कर्मचाऱ्याला दोन क्लिकमध्ये जमतं ते भरलेल्या विमानात तीन अनोळखी माणसांच्या मनधरणीवर येऊन ठेपतं. आणि त्या तिघांपैकी एखाद्यानेही आपल्या सीटचे पैसे भरलेले असतात, हे विसरू नका.

विमानतळावर

घरून काही जमलं नाही तर चेक-इन काउंटरवर लवकर पोहोचा. राखलेल्या सीट उघडण्याचा अधिकार बहुधा तिथेच असतो आणि सुरुवातीला गर्दी कमी असते. काउंटरवर नाही म्हणाले तर गेटवर पुन्हा विचारा, फक्त वेळ नीट निवडा. बोर्डिंग सुरू होण्याआधी, कर्मचारी गेटवर येऊन बसल्यावर लगेच. बोर्डिंग सुरू झालं की त्यांच्यामागे दहा कामं असतात. न आलेल्या प्रवाशांच्या आणि वरच्या वर्गात हलवलेल्यांच्या जागा शेवटच्या अर्ध्या तासात मोकळ्या होतात, म्हणून "आत्ता नाही" हे उत्तर आलं तर नाव सांगून समोरच बसा.

बोर्डिंग पासवर सीट नंबरच नसेल, किंवा तिथे "सीट गेटवर मिळेल" असा मजकूर असेल, तर चेक-इन झालंय पण सीट अजून दिलेली नाही. जास्त बुकिंग झालेल्या फ्लाइटवर अशाच प्रवाशांवर मागे राहण्याची वेळ येऊ शकते. तेव्हा खाण्यापिण्यात वेळ न घालवता सरळ गेट गाठा.

आणखी एक: बोर्डिंग पास मोबाइलवर असेल तर जुन्या सीटचा फोटो आधीच काढून ठेवा. ॲप नवी सीट दाखवायला लागलं की जुनी पुसली जाते आणि नंतर पुरावा उरत नाही.

विमानात

तुमच्या सीटवर दुसरा कोणी बसलेला असेल तर दोघांचे बोर्डिंग पास क्रूला दाखवा. वाद आपसात घालू नका. कधी कधी एकच नंबर खरंच दोघांना छापला गेलेला असतो. क्रूने दुसरीकडे बसायला सांगितलं तर बसा. उड्डाणाच्या काळात त्यांच्या सूचना पाळणं कायद्याने बंधनकारक असतं, आणि तिथे अडून बसलात तर सीटचा प्रश्न बाजूला राहून तुमच्या वागणुकीचा अहवाल तयार होतो. शांतपणे एवढंच विचारा की ही सक्ती आहे की विनंती. दुसऱ्या प्रवाशाच्या सोयीसाठी केलेली विनंती असेल तर नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. सक्ती असेल तर कारण आणि नवा सीट नंबर लिहून ठेवा आणि क्रूला अहवालात नोंद करायला सांगा.

सीट मोडलेली असेल, पट्टा किंवा पाठ नीट नसेल, तर तिचा फोटो आणि नंबराच्या पट्टीचा फोटो, दोन्ही काढा.

वर्गच खाली आला तर

बिझनेसमधून इकॉनॉमीत बसवलं तर हे प्रकरण सीट बदलाचं राहत नाही आणि नियम बरेच कडक होतात. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार तिकिटाच्या किमतीचा ठरावीक भाग सात दिवसांत परत द्यावा लागतो: १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, त्यापुढे ३५०० पर्यंत आणि संघांतर्गत लांबच्या उड्डाणांना ५० टक्के, बाकी लांबच्या उड्डाणांना ७५ टक्के. ही टक्केवारी पूर्ण तिकिटावर धरायची नाही. ज्या टप्प्यावर वर्ग खाली आला त्याच्या भाड्यावर, कर वगळून, असं युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं.

भारतात १५ फेब्रुवारी २०२३ पासून देशांतर्गत फ्लाइटला करासह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय फ्लाइटला अंतराप्रमाणे ३०, ५० आणि ७५ टक्के, टप्पे तेच: १५०० आणि ३५०० किलोमीटर. अमेरिकेत २०२४ च्या नियमांप्रमाणे खालचा वर्ग नाकारून प्रवासच करायचा नसेल तर पूर्ण रिफंड मागता येतो, आणि सीट निवडीसारखी पैसे घेतलेली सेवा दिली नाही तर तिचं शुल्क परत करावं लागतं. काउंटरवर कूपन पुढे केलं तर लगेच सही करू नका. कूपन घेतलं की रोख परताव्याचा हक्क संपला असं त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असू शकतं.

पैसे परत मागताना

त्याच वर्गात पण कमी दर्जाची सीट मिळाली असेल तर सीटचं शुल्क मागा. तशीच सीट दुसऱ्या रांगेत मिळाली असेल, जादा पाय-जागेच्या बदल्यात जादा पाय-जागा, तर बहुतेक कंपन्या नाही म्हणतात आणि त्यात त्यांची बाजू खरी आहे. महागडी सीट जाऊन स्वस्त पैसे-भरायची सीट मिळाली असेल तर दोन्हींमधला फरक मागा.

प्रवास झाल्यावर आठवड्याभरात कंपनीच्या रिफंड फॉर्ममधून अर्ज करा. तक्रारीचा फॉर्म वेगळा असतो आणि तिथे गेलेला अर्ज फिरत बसतो. मजकूर पाच-सहा ओळींचा पुरे: पीएनआर, तिकीट नंबर, ईएमडी नंबर, फ्लाइट आणि तारीख, भरलेली रक्कम, घेतलेली सीट, मिळालेली सीट, बदल कंपनीने केला हे एक वाक्य आणि मागणीचं एक वाक्य. सोबत सीटची पावती, जुना स्क्रीनशॉट आणि प्रत्यक्ष बोर्डिंग पास जोडा. झालेला मनस्ताप त्यात लिहू नका. तो खरा असला तरी अर्ज वाचणारा माणूस आकडे जुळवत असतो आणि लांब पत्रात ते हरवतात.

"सीट तुम्हीच बदललीत" असं उत्तर हमखास येतं, विशेषतः मिळालेली वाईट सीट तुम्ही स्वतः साइटवरून थोडी बरी करून घेतली असेल तेव्हा. शेवटची नोंद तुमच्या नावाची असते ना. जुन्या सीटचा आणि कंपनीने टाकलेल्या सीटचा, असे दोन्ही स्क्रीनशॉट तारखेसह याच उत्तरासाठी जपायचे. ते जोडून बुकिंगचा पूर्ण इतिहास तपासायला सांगा. कोणत्या मिनिटाला कोणी कोणती सीट हलवली हे त्यात नोंदलेलं असतं.

महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा कारण न देता नकार आला, तर कार्डने भरलेल्या पैशांसाठी बँकेत "सेवा मिळाली नाही" या सदरात वाद नोंदवा, फक्त सीटच्या शुल्कापुरता. पूर्ण तिकिटाचा वाद घातलात तर प्रवास झालेला असल्यामुळे तो फेटाळला जातो. बँकांची मुदत ठरलेली असते, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट बघत ती उलटून जाऊ देऊ नका. एजंटमार्फत पैसे भरले असतील तर कार्डाच्या स्टेटमेंटवर नाव कोणाचं आहे ते पाहा. वाद त्याच्याच नावाने नोंदवावा लागतो, विमान कुठल्याही कंपनीचं असलं तरी.